उखाभाऊंची डॉक्टर

एकदा भर दुपारी एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू खांद्यावर टाकून आमच्या गल्लीत आली आणि माझ्याच दाराशी उभी राहून विचारायला लागली, "डॉक्टरीणबाईचं घर कोणतं वो?" मी म्हटलं, बाई, चुकलीस तू. इथे कोणी डॉक्टर नाही, दवाखाने सगळे तिकडे मोठ्या रस्त्याला. तर म्हणे, "असं कसं? दूधवाल्यानंच सांगितलं ना, याच गल्लीत डॉक्टर राहते म्हणून!" तेवढ्यात समोरच्या घराचं फाटक वाजलं आणि दोन वेण्या, गणवेश, पाठीवर दप्तर अशी सातवीतली जागृती बाहेर आली. आता त्या बाईला काय सांगावं, कपाळ?

दुसरा कोणी बाप असता तर ओशाळला असता. मागून आलेले तिचे वडील उखाभाऊ मात्र फुलले! "पाहा वहिनी, पेशंट यायले लागले आतापासून!" असं मला ओरडून सांगितलं, त्या बाईला लेकरासकट स्कूटरवर बसवलं, लहान मुलांच्या डॉक्टरकडे नेलं, नंबर लावून दिला, औषध मिळेपर्यंत थांबले आणि मग परत आले. पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. सांगताना स्वतःची धावपळ गाळून टाकायचे. पेशंट आली होती, एवढंच सांगायचे.

जळगावात आमच्या समोर राहायला आले तेव्हा जागृती चौथीत असेल. सामान उतरवतानाच त्यांनी ओळख करून दिली होती. "हे आमचं घर, ही माय, ही शोभा, आन् ही आमची डॉक्टर." मी हसले. मला वाटलं, लाडानं म्हणतात. कोणी पोरीला छकुली म्हणतं, कोणी पिंकी. पण नाही हो, ती लाडाची हाक नव्हतीच. त्यांनी ती सगळ्या गल्लीला लावली. भाजीवाली डॉक्टर म्हणायला लागली, किराणावाला म्हणायला लागला, रिक्षावाला तर फाटकाशी येऊन भोंगा वाजवत "डॉक्टर, चला!" असं ओरडायचा. तिचं खरं नाव जागृती आहे, हे मला स्वतःला तिच्या शाळेच्या बक्षीस समारंभात कळलं.

त्यांच्या आईला, मायला, हे मुळीच पटायचं नाही. त्याला कारण होतं. मायची आधीची दोन लेकरं तान्हेपणीच गेलेली. तिसरं झालं तेव्हा तिच्या सासूनं ते सुपात घालून त्यांच्या गावी, असोद्याला, घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि जणू दुसऱ्या कोणाचं टाकलेलं सापडलं असं म्हणत परत उचलून आणलं. नाव ठेवलं उखर्डू. आमच्याकडे जुन्या लोकांत अशी नावं घरोघर सापडतात. वाईट नाव ठेवलं की नजर लागत नाही, पोर जगतं. "उखर्डू म्हनलं म्हनून जगला तू," माय म्हणायची. "आन् पोरीले आतापासून डॉक्टर डॉक्टर करू राह्यला! कोनाची नजर लागली मंग?"

"माय, जमाना बदलला," उखाभाऊ म्हणायचे आणि स्कूटरला किक मारायचे.

त्यांचं कृषी केंद्र होतं, बियाणं, खतं, फवारणीची औषधं. दुकानाच्या पाटीवर नावाचं नुसतं 'यू' हे अक्षर. शेतकरी केळीचं करपलेलं पान घेऊन यायचे, हे पान उजेडात धरून बघायचे, औषध द्यायचे. पण बसून कधी नाही. गल्ल्यापाशी खुर्ची होती, तिच्यावर खोकी असायची. आमच्याकडे चहाला आले तरी उंबऱ्यातच उभे. एक पाय आत, एक पायरीवर, चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवायचा आणि "येतो वहिनी, डॉक्टरचा क्लास सुटला असंन." जागृती दहावीत गेल्यापासून तर त्यांच्या पायाला भिंगरीच लागली. क्लासला सोड, डबा पोचव, दुसऱ्या क्लासला ने, मधल्या वेळात दुकान. पाऊस आला तर छत्री घेऊन क्लासच्या दाराशी. एकदा मी म्हटलं, अहो, सायकल द्या की पोरीला. तर म्हणाले, "सायकलीत वेळ जातो. आन् दमते ती."

मला त्यांचा रागही यायचा, लपवून काय करू? बारावीच्या वर्षी एका दुपारी मी तव्यावर हिरव्या मिरच्या भाजत होते, ठेचा करायला. उखाभाऊ दारात. "वहिनी, ठेचा नका ना करू. ठसका जातो तिकडे. डॉक्टर पेपर सोडवू राह्यली, खोकून खोकून वेळ चालला तिचा." मी उलथनं हातात घेऊनच बाहेर आले. म्हटलं, उखाभाऊ, कुकरची शिट्टी बंद केली तुमच्यासाठी, टीव्हीचा आवाज बंद केला, नातवंडांना सुट्टीत बोलावलं नाही. आता जळगावात राहून ठेचाही खायचा नाही? मग जगायचं कशावर? ते हात जोडून उभेच. "एवढं वर्ष वहिनी, एवढं वर्ष." मी आत गेले आणि गॅस बंद केला. त्या दिवशी आम्ही मिरचीशिवाय भाकरी गिळली आणि माझा नवरा माझ्याशी दिवसभर बोलला नाही.

एवढी आग कशाची होती, ते मला एका हिवाळ्यात असोद्याला गेल्यावर समजलं. उखाभाऊंच्या चुलतभावाचा मुलगा सरकारी मेडिकलला लागला होता. शेतात भरीत-पार्टी होती. आमच्याकडे आनंद झाला की भरीतच. मोठाली हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलून लाकडी बडगीत ठेचायची, कांद्याची पात, शेंगदाणे, मिरची, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. गावच्या चौकात त्या मुलाचा भला मोठा फ्लेक्स लागलेला, गळ्यात स्टेथोस्कोप आधीच घातलेला. आणि उखाभाऊ धुरात बसून वांगी ठेचत होते. आयुष्यात मी त्यांना मांडी घालून बसलेलं पाहिलं ते एवढंच. कोणीतरी म्हणालं, "उखा, भरीत तूच कर बाप्पा, तुह्या हाताले चव हाये." दुसरा हसून म्हणाला, "लोकायच्याच पोरांचं करत राहशीन का उखा?" भाऊबंदकीतली थट्टा ती. सगळे हसले. उखाभाऊही हसले, पण मुसळीचा घाव एवढ्या जोरात बसला की बडगी कलंडली. परतताना गाडीत ते सगळ्यांशी बोलत होते आणि कोणाचंच ऐकत नव्हते.

पहिल्या वर्षी नीटचं केंद्र धुळ्याला आलं. उखाभाऊ आदल्या रविवारीच एकटे जाऊन रस्ता, गेट, सावलीचं झाड सगळं बघून आले. परीक्षेच्या दिवशी त्या उन्हात आई-बाप सगळे त्या झाडाखाली बसलेले, आणि हे गेटच्या सळया धरून उभे. त्यांची बायको शोभा नंतर मला सांगत होती, "पोरगी बाहेर आली, तर 'पाणी पे' सुद्धा म्हणले नही. पहिलंच इचारलं, फिजिक्स कसा गेला?" जागृती "बरा गेला" म्हणाली. मग ते बाकीच्या पोरांना थांबवून थांबवून विचारत सुटले आणि जो "सोपा होता" म्हणेल त्याच्यावर चिडायला लागले.

त्या वर्षी बरंच कमी पडलं. दुसऱ्या वर्षासाठी तिला लातूरला क्लासला ठेवलं. रिपीटरची बॅच म्हणतात तिला. मला तो शब्दच आवडत नाही. पोरगी काय नापास झाली होती का?

श्रावणात कानबाई आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई, आमची देवी, बसते, आणि नोकरीला मुंबई-पुण्याकडे गेलेला माणूसही त्या दिवशी घरी येतो. घरातल्या एकेकाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याच पिठाचे रोट करायचे, आणि ते घरच्यांनीच खाऊन संपवायचे. मायनं जागृतीच्या नावाचेही गहू घेतले. पण जागृती आली नाही. तिची सोमवारी टेस्ट होती आणि बापानंच येऊ नको म्हणून सांगितलं होतं. तिच्या वाटचा रोट उरला तेव्हा मात्र हे अस्वस्थ. नावाचा रोट तिच्या पोटात गेला नाही तर कसं? डब्यात घालून, एसटी बदलत बदलत हा माणूस लातूरला गेला. होस्टेलच्या फाटकाशी तिला रोट भरवला, टेस्टचे गुण विचारले आणि त्याच पावली परत निघाला.

माय ओसरीवर बसली होती. तिनं विचारलं, "पोरगी कशी हाये?"

"चांगलं चालू हाये. मागच्या टेस्टपेक्षा वर आली."

"मी टेस्ट इचारली का तुले? पोरगी कशी हाये? सुकली का? हसली का?"

उखाभाऊंनी ते बघितलंच नव्हतं. चप्पल घालून ते दुकानाकडे निघून गेले.

दुसऱ्या वर्षी गुण वाढले. आयुर्वेदाला सहज मिळत होतं. "ते नको," म्हणाले. एमबीबीएस, आणि तेही सरकारी. म्हणून तिसरं वर्ष. या खेपेला जागृती घरीच राहून अभ्यास करणार होती. लातूरहून परत आली ती बारीक होऊन, आणि कोणी फाटक वाजवलं तरी दचकायची. गल्लीतल्या बायका दिसल्या की विचारायच्याच, "काय डॉक्टर, यंदा पक्कं ना?" वाईट मनानं नाही विचारत कोणी. पण पोरगी गल्लीनं जायची बंदच झाली. मागच्या बोळातून यायची-जायची.

त्या बोळातूनच एकदा संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात आली. मी मेथी निवडत होते. समोर बसून निवडायला लागली. मी सवयीनं म्हटलं, "काय गं डॉक्टर, चहा टाकू?" तर मान खाली घालूनच म्हणाली, "काकू, तुम्ही तरी मला माझ्या नावानं हाक मारा ना."

"जागृती," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं हो मी. पोरगी मेथीच्या जुडीवर डोकं टेकून रडायला लागली. पाठीवरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळानं डोळे पुसून म्हणाली, "काकू, मला अभ्यासाचा त्रास नाही होत. मला बाहेर कोणी हाक मारली की होतो." मग चहा न घेताच बोळातून परत गेली.

तिसऱ्या खेपेची परीक्षा झाली. उत्तरांची यादी मोबाइलवर आली तसे उखाभाऊ उभ्या उभ्या ताळा करत राहिले आणि बाहेर आले ते ओरडतच. मागच्या वर्षी ज्या गुणांना सरकारी कॉलेज मिळालं होतं त्याच्या वर जात होती ती. निकाल यायचा होता, यादी लागायची होती, पण थांबणार ते उखाभाऊ कसले? सगळ्या भाऊबंदांना भरिताचं आवतण गेलं. ज्येष्ठाचा उकाडा, आणि भरीत! माय डोक्याला हात लावून बसली. "अरे, भरीत हिवाळ्यातलं. या दिवसात वांग्याले चव तरी असते का?" खरंच, वांगी मिळाली ती पिचकी आणि बियांनी भरलेली. पण हे असोद्याच्या शेतात घामाघूम होऊन ती ठेचत होते. आपल्या पोरीचं भरीत होतं ना! लोकांनी कडू कडू म्हणत खाल्लं. जागृती आंब्याच्या बुंध्याशी उभी होती. चुलतकाका तिला "डॉक्टरीणबाई, आता आम्हाले फुकट तपासा बरं" म्हणाले, तेव्हा ती हसली. ते हसू मला बघवलं नाही.

निकाल लागला. त्यांनी धरले होते तेवढेच गुण मिळाले, हिशेब तिळभर चुकला नव्हता. पण त्या वर्षी सगळ्यांचेच गुण वाढले होते. जागा होत्या तेवढ्याच राहिल्या आणि जागृतीचा नंबर मागे गेला. मग सुरू झाल्या फेऱ्या. पहिली यादी, दुसरी यादी. उखाभाऊ दुकानात उभे, शेतकरी पान दाखवतोय आणि यांचं बोट मोबाइलवर. एकाला त्यांनी केळीच्या करप्यावर कपाशीचं औषध दिलं. बिचारा परत घेऊन आला, म्हणाला, "भाऊ, तब्येत बरी नही का?"

कानबाईच्या आदल्या दिवशी आशा होती ती शेवटची यादी लागली. तिच्यातही नाव नाही.

रविवारी मी कानबाईच्या दर्शनाला गेले. घर भाऊबंदांनी भरलेलं. कानबाई चौरंगावर नटून बसलेली, आणि सगळे जण पावसापाण्याच्या गप्पा करत होते, कारण खरा विषय कोणाला काढायचा नव्हता. उखाभाऊ उभेच. मध्येच म्हणाले, "डॉक्टर, उद्या विसर्जन झालं का लातूरले फोन करतो. नवी बॅच सुरू होऊ राह्यली. थोडक्यात गेलं, पुढच्या वर्षी—"

"पप्पा, मी नाही जाणार."

जागृती दिव्यात तेल घालत होती. ती बरणी खाली ठेवून उभी राहिली. "मला धुळ्याच्या ॲग्रीकल्चर कॉलेजला मिळतंय. सीईटीचे गुण आहेत. मी तिकडे जाते." ती सीईटी उखाभाऊंनीच द्यायला लावलेली, हात बसावा म्हणून.

"डॉक्टर, असं एकदम—"

"आणि मला डॉक्टर म्हणू नका!" ती इतक्या जोरात ओरडली की समई हलली असं मला वाटलं. "मी डॉक्टर नाहीये. मी कधीच नव्हते. चौथीपासून सगळी गल्ली मला चिडवते आणि तुम्हाला वाटतं, मान देते!"

चुलतभाऊ उठून मध्ये पडायला लागला, "उखा, पोरगी थकली, राहू दे आता." त्याच्यावर उखाभाऊ असे फिरले की मला वाटलं हात उचलतात. "तुह्या पोराचं झालं ना? मंग बस खाली!"

तेव्हा माय बोलली. ती भिंतीला टेकून बसली होती, आवाजही चढवला नाही. "उखर्डू. तुले उकिरड्यावर टाकलं होतं ना, ते उचलाचंच म्हनून टाकलं होतं. तू पोरीले उंच नेऊन ठेवली अन् तशीच ठेवली. उतरव ना रे तिले आता. उभी राहू राहू पाय दुखले तिचे."

उखाभाऊंनी खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली. ते बाहेर गेले. स्कूटरचा आवाज गल्लीभर फिरला, मोठ्या रस्त्याला लागला, परत आला, परत गेला. कानबाईची गाणी सुरू झाली तरी तो आवाज येतच होता.

प्रवेश झाला. उखाभाऊंनीच सगळे कागद नेले, रांगेत उभे राहिले, भांडलेही असतील कोणाशी. नाही म्हणाले नाहीत. पण त्या रविवारपासून त्यांनी पोरीला हाकच मारली नाही. "जेवली का ती?" असं शोभाला विचारायचे. "तिले सांग, बॅग आणली." पोरगी समोर उभी असली तरी शोभाकडे बघून. दूधवाला एक दिवस "डॉ" म्हणून थांबला आणि नुसतीच घंटी वाजवून गेला. मला राहवेना. उंबऱ्यात उभे होते तेव्हा मी खडसावलं, "अहो, अबोला धरता लेकराशी? शोभतं का? नाव घ्या की तिचं!"

"अबोला नही वहिनी." त्यांनी बशी खाली ठेवली. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायचंही त्यांना सुचत नव्हतं. "रोज ठरवतो, आज हाक मारीन. तोंडातच येत नही हो. एकच हाक येत होती मले. मी बापच नही ना वाटत तिले, क्लासवाला वाटतो." चहा तसाच सोडून गेले. मी त्या बशीकडे बघत बसले. रागावायला गेले होते मी.

जागृती धुळ्याला निघाली त्या दिवशी मलाही धुळ्यालाच बहिणीकडे जायचं होतं, म्हणून मी तिच्यासोबत एसटीत बसले. नंतर थोड्याच दिवसांत आम्हीही लेकाकडे नाशिकला राहायला गेलो, त्यामुळे उखाभाऊंना शेवटचं नीट पाहिलं ते त्याच दिवशी. बॅगा त्यांनी चढवल्या, खिडकीची काच सरकते का ते बघितलं, सीटवरची धूळ रुमालानं झटकली. मग खाली उतरले आणि कुठेतरी दिसेनासे झाले. जागृतीनं एकदाच मान वर करून स्टँडभर बघितलं आणि कानात इअरफोन घातले.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी मागे सरकायला लागली तेव्हा मला ते दिसले, गर्दीतून धावत येत होते. हातात पाण्याची बाटली. खिडकीखाली आले, वर बघितलं. जागृतीचं तोंड माझ्याकडे, कानात गाणी. उखाभाऊंनी तोंड उघडलं. हाक येईना. गाडीबरोबर दोन्ही पाय पळताहेत, ओठ हलताहेत, आणि आवाज नाही. मी तिला हलवणार, तेवढ्यात त्यांनी उघड्या पंजानं एसटीच्या पत्र्यावर थाड थाड मारायला सुरुवात केली.

गाडी थांबली. कंडक्टर दार उघडून खेकसला, "ओ काका! काय लावलं? कोण पाहिजे तुम्हाला?"

"पोरगी हाये माही आत," उखाभाऊ म्हणाले. धाप लागली होती त्यांना. "तिले पानी देनं राह्यलं."